पगारवाढ घेतली की ई.एस.आय. जाते : नोकरी करणाऱ्या दिव्यांगाने काय करावे?

वेर्णेकर (धागाकर्ता)

मी गोव्यातील वेर्णा औद्योगिक वसाहतीतील एका औषधनिर्मिती कंपनीत गुणवत्ता विभागात काम करतो. मणक्याच्या जुन्या दुखापतीमुळे व्हीलचेअर वापरतो आणि माझ्या यूडीआयडी कार्डावर (दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रावर) ८० टक्के दिव्यांगत्वाची नोंद आहे. कर्मचारी राज्य विमा योजनेत, म्हणजे आपल्या ई.एस.आय.मध्ये, सर्वसाधारण कामगारासाठी मासिक वेतनाची मर्यादा २१,००० रुपये असली तरी दिव्यांग कामगारासाठी ती २५,००० रुपये आहे. माझा पगार २४,८०० रुपये असल्यामुळे मी अजून योजनेत आहे. येत्या एप्रिलपासून कंपनी मला २७,५०० रुपये देऊ करत आहे आणि मनुष्यबळ विभागाने सांगितले आहे की त्या दिवसापासून माझी ई.एस.आय. बंद होईल.

आता हिशेब पाहावा. माझ्या वेतनातून ०.७५ टक्के, म्हणजे १८६ रुपये, कापले जातात आणि त्या बदल्यात मला व माझ्या कुटुंबाला बाह्यरुग्ण तपासणी, औषधे, इस्पितळात दाखल होण्याचा खर्च आणि आजारपणातील भत्ता मिळतो. कॅथेटर, मूत्रसंसर्गावरील प्रतिजैविके आणि बसून बसून होणाऱ्या जखमांचे ड्रेसिंग हा माझा दरमहाचा खर्च आहे, तो कधी चुकत नाही. कंपनीची सामूहिक विमा पॉलिसी तीन लाखांची आहे, पण ती इस्पितळात दाखल झाल्यावरच उपयोगी पडते. वाढलेले २,७०० रुपये औषधांच्या दुकानात जाणार असतील आणि वर भत्त्याचे संरक्षणही जाणार असेल, तर ही वाढ मी घ्यावी का? या प्रसंगातून गेलेल्या सदस्यांनी कृपया लिहावे.

कुडचड्याचा_बापू

पगारवाढ कोणी नाकारते का? दवाखान्याच्या रांगेत उभे राहण्यापेक्षा हातात रोख पैसे आलेले केव्हाही चांगले.

वेर्णेकर

बापू, रांगेत उभे राहण्याचा प्रश्न माझ्यापुरता केव्हाच मिटलेला आहे. मी घरूनच बसून येतो.

हिशेबनीस

मी फोंड्यात कंपन्यांची वेतनपत्रके आणि वर्गणीची विवरणे भरण्याचे काम करतो, म्हणून एक गोष्ट स्पष्ट करतो. पगार मर्यादेबाहेर गेला की त्याच दिवशी योजना बंद होते, हे मनुष्यबळ विभागाचे म्हणणे अर्धवट आहे. ई.एस.आय.चे वर्गणीचे दोन कालखंड असतात. पहिला १ एप्रिल ते ३० सप्टेंबर आणि दुसरा १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. कालखंड सुरू झाल्यानंतर मध्येच वेतन वाढले, तर त्या कालखंडाच्या शेवटापर्यंत कामगार योजनेतच राहतो आणि वाढलेल्या पूर्ण वेतनावर वर्गणी भरतो. त्यानंतरही लाभाचा कालखंड शिल्लक राहतो. एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढील जानेवारी ते जून, आणि ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर त्या वर्षीचा जुलै ते डिसेंबर.

याचा वेर्णेकरांसाठी अर्थ असा, की वाढ १ एप्रिलपासून लागू झाली तर वर्गणी ३१ मार्चला थांबते आणि लाभ ३१ डिसेंबरपर्यंत मिळतात. हीच वाढ १ मेपासून लागू केली तर एप्रिल महिना जुन्या वेतनावर सुरू झालेला असल्यामुळे वर्गणी ३० सप्टेंबरपर्यंत चालू राहते आणि लाभ पुढच्या वर्षीच्या ३० जूनपर्यंत. एका महिन्याचे २,७०० रुपये सोडून सहा महिन्यांचे संरक्षण मिळते. कंपनीला त्यासाठी नियम वाकवावा लागत नाही, वेतनवाढीच्या पत्रावरील तारीख तेवढी बदलावी लागते.

सांतेरीकाठची_सुलू

हिशेबनीसबाब, माहिती फार उपयोगी आहे, पण माझा अनुभव त्याच्याही आधीच्या पायरीवरचा आहे. मला ऐकू कमी येते. माझा पगार २१,००० च्या पुढे गेला त्याच कालखंडानंतर पूर्वीच्या कंपनीने माझी वर्गणी बंद केली, कारण दिव्यांगांसाठी वेगळी मर्यादा आहे हे तेथे कोणालाच ठाऊक नव्हते. मी परिपत्रक छापून नेऊन दाखवले तेव्हा मला हसत उत्तर मिळाले, ‘भिवपाची गरज ना, कंपनीचा विमा आसा!’ (घाबरण्याची गरज नाही, कंपनीचा विमा आहे.) त्या विम्यात श्रवणयंत्राचा समावेश नव्हता. माझी सर्वांना विनंती आहे की नोकरीला लागतानाच दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र देऊन ई.एस.आय.च्या नोंदीत तशी खूण करून घ्यावी. पुष्कळ जण बढती अडेल या भीतीने कार्यालयात प्रमाणपत्र दाखवतच नाहीत आणि २१,००० ते २५,००० या पट्ट्यात असूनही बाहेर राहतात.

कुंडईचा_कारखानदार

मालकांच्या बाजूने दोन शब्द लिहितो. आमचा लहान कारखाना आहे आणि मालकाची वर्गणी ३.२५ टक्के आहे. २०१९ च्या जुलैपूर्वी ती ४.७५ टक्के होती, त्यामुळे आता ओझे बरेच हलके झाले आहे. शिवाय २००८ पासून केंद्र सरकारची अशी योजना आहे की खासगी क्षेत्रात दिव्यांग व्यक्तीला नोकरी दिली तर मालकाच्या वाट्याची भविष्य निर्वाह निधीची आणि ई.एस.आय.ची वर्गणी सरकार भरते. सुरुवातीला ती तीन वर्षांपुरती होती. माझ्या ओळखीच्या कारखानदारांपैकी फारच थोड्यांना ही सवलत माहीत आहे, आणि ज्यांना माहीत आहे ते कागदपत्रांच्या भीतीने तिच्या वाटेला जात नाहीत.

मात्र ई.एस.आय. साधारणपणे दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांनाच सक्तीची आहे, हेही लक्षात घ्यावे. म्हापशाच्या बाजारातील एखाद्या दुकानात हिशेब लिहिणारा दिव्यांग मुलगा, किंवा पर्यटन हंगामात चारपाच जणांच्या गेस्ट हाउसमध्ये काम करणारी मुलगी, यांच्यासाठी २५,००० ची मर्यादा असली काय आणि नसली काय, सारखेच.

कुडचड्याचा_बापू

अशा लोकांसाठी दीनदयाळ कार्ड आहे की.

पेडण्याची_परिचारिका

बापू, दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना चांगली आहे, यात वाद नाही. गोव्यात पाच वर्षे वास्तव्य असलेल्या कुटुंबाला २०१६ पासून, तीन सदस्यांपर्यंत अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाख रुपयांपर्यंतचे उपचार तिच्यात मिळत आले आहेत. पण ती ठरावीक शस्त्रक्रिया व उपचारांच्या यादीवर चालते. वेर्णेकरांची गरज नेमकी त्या यादीच्या बाहेरची आहे.

मी बरीच वर्षे वॉर्डात काम केले आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते. मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसाचा मोठा खर्च एखाद्या शस्त्रक्रियेत नसतो. तो स्वच्छ कॅथेटर, हातमोजे, निर्जंतुक द्रव, योग्य उशी, लघवीची नियमित तपासणी आणि वेळेवर मिळालेले प्रतिजैविक यांत असतो. या गोष्टींत दोन महिने काटकसर केली तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत जातो, किंवा माकडहाडाजवळची जखम हाडापर्यंत पोहोचते, आणि मग रुग्ण दाखल होतो. तेव्हा कंपनीची तीन लाखांची पॉलिसी आनंदाने पैसे देते. रोजच्या ज्या खर्चामुळे दाखल होणे टळते तो कोणीच देत नाही, हा आपल्या खासगी विम्याच्या रचनेतील दोष आहे. ई.एस.आय.त कितीही उणिवा असल्या तरी बाह्यरुग्ण सेवा आणि औषधे तिच्या पोटात आहेत, म्हणून वेर्णेकरांच्या दृष्टीने १८६ रुपयांची किंमत तीन लाखांच्या पॉलिसीपेक्षा अधिक आहे.

केपेंकर_मास्तर

परिचारिकाबाईंचे म्हणणे पटते, तरीही एक विचारावेसे वाटते. बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे सरकारी गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात, कोणी पगार विचारून उपचार करत नाही. तेथे आणि मडगावच्या जिल्हा इस्पितळात गोमंतकीयाला जवळजवळ सर्व उपचार फुकट मिळत असताना मर्यादेची एवढी चिंता कशासाठी?

वेर्णेकर

मास्तर, गोमेकॉचे माझ्यावर उपकार आहेत. माझी शस्त्रक्रिया तेथेच झाली. पण नोकरी करणाऱ्याला उपचाराबरोबर वेळही विकत घ्यावा लागतो. बाह्यरुग्ण विभाग सकाळचा असतो आणि माझी पाळीही सकाळची. वेर्ण्याहून बांबोळीला जाऊन येईपर्यंत दिवस मावळतो, आणि तो दिवस बिनपगारी होतो. ई.एस.आय.त प्रमाणित आजारपणासाठी वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के भत्ता मिळतो. जखम भरून येण्यासाठी मला पालथे झोपून राहावे लागते तेव्हा घर याच भत्त्यावर चालते. गोमेकॉ मला बरे करू शकते, पण त्या काळातील घरभाडे देऊ शकत नाही.

सांतेरीकाठची_सुलू

हा मुद्दा आमच्यासारख्या नोकरदार दिव्यांगांशिवाय कोणाच्या लक्षातच येत नाही.

परदेशस्थ_गोंयकार

मी अमेरिकेत सामाजिक सेवा क्षेत्रात काम करतो. वेर्णेकरांचा पेच तेथेही फार जुना आहे. दिव्यांग व्यक्तीला उत्पन्न कमी असेपर्यंत मेडिकेड ही सरकारी आरोग्य योजना मिळते; नोकरी धरली की उत्पन्न वाढते आणि योजना जाते. तिच्यातून मिळणारी घरातील मदतनिसाची सेवा बहुतेक खासगी विमे देत नाहीत, म्हणून काम करण्याची क्षमता आणि इच्छा असूनही लोक घरी बसत. मॅसॅच्युसेट्स राज्याने १९८८ मध्येच यावर कॉमनहेल्थ नावाची योजना काढली, आणि १९९९ च्या केंद्रीय कायद्याने राज्यांना अशी मुभा अधिक व्यापक करून दिली की नोकरी करणाऱ्या दिव्यांगाने उत्पन्नाच्या प्रमाणात हप्ता भरून मेडिकेडमध्येच राहावे. मॅसॅच्युसेट्समध्ये उत्पन्नाला वरची मर्यादा नाही; पगार वाढला की हप्ता वाढतो, संरक्षण जात नाही. प्रत्येक राज्याचे नियम वेगळे आहेत आणि सगळेच उदार आहेत असे मुळीच नाही. आपल्याकडे मात्र २५,००० रुपयांना योजना पूर्ण असते आणि २५,००१ ला शून्य होते. त्याऐवजी वरच्या वेतनाच्या दिव्यांग कामगाराला दोन्ही वाट्यांची चार टक्के वर्गणी स्वतः भरून राहू दिले, तर सरकारचे काय जाणार आहे?

कुंडईचा_कारखानदार

२७,५०० वर चार टक्के म्हणजे ११०० रुपये. या पैशात बाह्यरुग्ण सेवा, औषधे आणि भत्ता देणारी पॉलिसी खासगी बाजारात मला तरी कोठे दिसलेली नाही.

केपेंकर_मास्तर

अमेरिकेची गोष्ट वाचून बरे वाटले, परंतु आपल्या कायद्यातही आधार आहे. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ याच्या कलम २४ मध्ये सामाजिक सुरक्षेच्या योजनांची जी यादी आहे, तिच्यात ई.एस.आय. किंवा अन्य सरकारी विमा योजनेत नसलेल्या दिव्यांगांसाठी सर्वंकष विमा योजनेचा स्पष्ट उल्लेख आहे. कलम २५ मध्ये मोफत आरोग्यसेवेचे बंधन आहे, पण ते कुटुंबाच्या अधिसूचित उत्पन्नमर्यादेशी जोडलेले आहे. म्हणजे कायदा लिहिणाऱ्यांना ई.एस.आय.च्या बाहेर पडणारा माणूस दिसत होता.

२ ऑक्टोबर २०१५ रोजी केंद्राने स्वावलंबन आरोग्य विमा आणला होता. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न तीन लाखांपर्यंत असेल तर ३५७ रुपयांत दोन लाखांचे संरक्षण मिळत असे. तो पुढे बंद पडला. केंद्राच्या आयुष्मान योजनेची ग्रामीण भागातील एक कसोटी तर अशी आहे की घरात दिव्यांग सदस्य असावा आणि धडधाकट प्रौढ कोणी नसावा. तेथेही, दिव्यांग माणूस स्वतः कमावता असेल आणि शेजारी धडधाकट पत्नी असेल, ही कल्पनाच केलेली दिसत नाही.

डिचोलीचा_दादा

मास्तरांनी यादी दिली आहे, तिच्यात निरामय जोडावे. माझी धाकटी बहीण बौद्धिक दिव्यांग आहे आणि एका बेकरीत खोकी भरण्याचे काम करते. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय विम्यात स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात (सेरेब्रल पाल्सी), बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांना एक लाखापर्यंतचे संरक्षण आहे, आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही, आणि परिचारिकाबाईंनी सांगितलेली बाह्यरुग्ण सेवा व थेरपीही त्यात येते. नोकरी आहे की नाही, पगार किती, यावर ते बंद होत नाही. मात्र वेर्णेकरांचे दिव्यांगत्व या चार प्रकारांत बसत नाही.

कुडचड्याचा_बापू

म्हणजे प्रत्येक योजना शेजाऱ्यासाठी आहे आणि वेर्णेकरबाब नेहमी कुंपणावर! मग सरळ खासगी विमा का घेऊ नये? आता तर त्यावरील जीएसटीही गेला.

पेडण्याची_परिचारिका

बापू, वैयक्तिक आरोग्य विम्यावरील १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून गेला हे खरे आहे. पण आधी पॉलिसी मिळायला हवी. माझ्या भाच्याचा अर्ज त्याच्या दिव्यांगत्वाचे नाव वाचताच नाकारला गेला होता. डिसेंबर २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अशाच एका तरुणाच्या प्रकरणात दिव्यांगांसाठी विमा उत्पादने तयार करण्याचे निर्देश दिले, आणि विमा नियामकाने फेब्रुवारी २०२३ मध्ये दिव्यांगांसाठी नमुना पॉलिसी ठरवून सर्व आरोग्य विमा कंपन्यांना तसे उत्पादन आणणे बंधनकारक केले. त्यामुळे आता दार उघडले आहे, मात्र आधीपासून असलेल्या आजारांसाठी प्रतीक्षाकाळ असतो. २०२४ च्या नियमांनुसार तो जास्तीत जास्त ३६ महिन्यांचा झाला. म्हणून माझा सल्ला असा, की ई.एस.आय. चालू असतानाच ही पॉलिसी घ्यावी, म्हणजे प्रतीक्षाकाळ ई.एस.आय.च्या छायेत निघून जाईल. ती मोठ्या प्रसंगासाठी ठेवावी. कॅथेटरचे पैसे ती देणार नाही.

हिशेबनीस

नियमांतील एका विसंगतीचा उल्लेख वरच्या चर्चेत राहून गेला आहे. कामावरील दुखापतीने कायमचे अपंगत्व येऊन नोकरी सोडावी लागली, तर त्या कामगाराला आणि त्याच्या जोडीदाराला वर्षाला १२० रुपये भरून निवृत्तीच्या वयापर्यंत ई.एस.आय.ची वैद्यकीय सेवा घेता येते. अपंगत्व असूनही जो कामावर टिकला आणि बढती मिळवली, त्याला ही सोय नाही. नियम करणाऱ्यांचा हेतू वाईट होता असे मी म्हणणार नाही, पण परिणाम हा असा आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. वेर्णेकरबाब, २७,५०० ची फोड सांगाल का? मूळ वेतन किती, घरभाडे भत्ता किती, प्रवासभत्ता किती?

वेर्णेकर

मूळ वेतन १५,०००, घरभाडे भत्ता ६,०००, प्रवासभत्ता २,००० आणि विशेष भत्ता ४,५००.

हिशेबनीस

मग थांबा, मेच्या तारखेची युक्ती कदाचित लागणारच नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे आणि तिच्यात वेतनाची व्याख्या जुन्या ई.एस.आय. कायद्यापेक्षा वेगळी आहे. जुन्या कायद्यात घरभाडे भत्ता वेतनात धरला जात असे. संहितेत घरभाडे व प्रवासभत्ता वगळले जातात; वगळलेल्या रकमा एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाल्या तर तेवढा वरचा भाग पुन्हा वेतनात मिळवला जातो. तुमचे वगळले जाणारे भत्ते ८,००० रुपये आहेत आणि निम्मे म्हणजे १३,७५०, त्यामुळे काही परत मिळवण्याचा प्रश्न येत नाही. विशेष भत्ता वेतनातच राहील. मर्यादेसाठीचे वेतन १९,५०० रुपये होते. ते दिव्यांगांच्या २५,००० च्याच काय, सर्वसाधारण २१,००० च्याही आत आहे. मनुष्यबळ विभागाने जुन्या सवयीने एकूण पगार धरलेला दिसतो. त्यांना फोडीसह पत्र लिहायला सांगा आणि ई.एस.आय. महामंडळाच्या पणजीतील कार्यालयाकडून लेखी उत्तर घ्या. तोंडी होकारावर विसंबू नका, कारण पुढच्या लेखातपासणीत वाद निघाला तर निस्तरावे तुम्हालाच लागेल.

सांतेरीकाठची_सुलू

हिशेबनीसबाब, मग भत्ताही १९,५०० वरच मोजला जाणार ना? ७० टक्के म्हणजे १३,६५०. आज २४,८०० वर ते १७,३६० होतात. योजना टिकते, पण आजारपणात महिन्याला साडेतीन हजारांहून अधिक रक्कम कमी हातात येईल.

हिशेबनीस

होय, बरोबर. कमी वेतन धरले की वर्गणी कमी आणि भत्ताही कमी. हा तोटा मान्य करूनच निर्णय घ्यावा लागेल.

वेर्णेकर

सुलूबाय, तो फरक मी वाढीव पगारातून बाजूला टाकीन. औषधे आणि ड्रेसिंग चालू राहणे मला अधिक महत्त्वाचे आहे. आज मनुष्यबळ विभागाला फोडीसह पत्र दिले आहे. लेखी उत्तर मार्चअखेर आले नाही, तर वाढ १ मेपासून लागू करावी अशी दुसरी विनंतीही त्याच पत्रात केली आहे आणि विभागप्रमुखांनी तिला तत्त्वतः संमती दिली आहे. नमुना पॉलिसीचा अर्ज या आठवड्यात भरतो. पणजीहून उत्तर आले की ते शब्दशः येथे टाकीन, कारण वेर्ण्यातच माझ्यासारखे आणखी काही जण याच तारखेची वाट पाहत आहेत. सर्वांना देव बरें करूं.

कुंडईचा_कारखानदार

त्या पत्राचा मसुदा नावे काढून येथे टाकता आला तर पाहावे. माझ्याकडच्या एका कामगाराचा पगार ऑक्टोबरमध्ये २१,००० ओलांडणार आहे आणि त्याने मला प्रमाणपत्र आज दाखवले.